सोमवारी येऊ नको

सांगलीला परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "बालाघाटला गेला होतात म्हणे. वाघ दिसला का?" मी "दिसला की" म्हणते. ते खोटंही नाही. गोंदियाहून बालाघाटला जाताना राजेगावापाशी वाघ नावाची नदी लागते, आणि तिच्यावरचा पूल ओलांडला की महाराष्ट्र संपतो. मी पाहिला तो वाघ एवढाच. जंगलाकडे फिरकायला सवडच मिळाली नाही, कारण मी गेले होते ती चोरी पकडायला.

चोरी निबंधांची होती. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि घरात बसून कंटाळले. तेव्हा एका ओळखीतून बालाघाट जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या अकरा बायकांचा इंग्रजीचा वर्ग माझ्याकडे आला. मी सांगलीत, त्या तिकडे, मध्ये पडदा. एका संस्थेनं त्यांना टॅब दिले होते. त्या टॅबवर लिहायच्या, मी माझ्या टॅबवर तपासायची. पहिले तीन महिने चुकांचा नुसता पाऊस. काळ चुकलेले, क्रियापदं हरवलेली, एकीनं तर आपल्या म्हशीला इंग्रजीतला 'ही' आणि नवऱ्याला 'इट' लिहिलेलं. मी खूश होते. चुका असल्या की शिक्षक जिवंत राहतो.

मग चौथ्या महिन्यात चुका एकाएकी थांबल्या. 'माझं गाव' या विषयावर अकरा निबंध आले आणि अकराही जणींचं गाव हिरव्यागार शेतांच्या कुशीत विसावलेलं निघालं. अकराही जणींना पहाटेच्या पक्ष्यांच्या मंजुळ स्वरांनी जाग येत होती. स्वल्पविरामसुद्धा एकाच जागी. मी बॅग भरली.

राजेगाव, पूल ओलांडल्यावर

सांगलीहून गोंदियापर्यंत थेट गाडी आहे. त्या प्रवासाबद्दल इतकंच सांगते की मी झोपले. गोंदियाहून बस धरली. पुलाच्या अलीकडे कंडक्टर "सरका जी मावशी" म्हणत होता, पलीकडे गेल्यावर "माताजी, थोडा खिसकिए" म्हणू लागला. माणूस तोच. जागाही तेवढीच.

राजेगावात मला न्यायला रेखाताई रहांगडाले आल्या होत्या. त्या खासगी शाळेत शिकवतात आणि या वर्गाची सगळी व्यवस्था बघतात. पस्तिशीच्या, चपळ, स्कूटीवर बसल्यावर आणखी चपळ. गाव तिथून आत आहे. त्याचं नाव सांगणार नाही, कारण वर्गातल्या बायकांना मी तसा शब्द दिला आहे. तो का द्यावा लागला ते पुढे येईलच.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. बऱ्याचशा कापून झालेल्या, काही अजून पिवळ्याधमक उभ्या. हिरवंगार कुठेच काही नव्हतं. मी मनातल्या मनात अकरा निबंधांवर एक लाल फुली मारली.

जेवायला भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी आणि पुन्हा भात. आमच्याकडे भात जेवणाच्या शेवटी येतो, इथे तो आधी येऊन ठाण मांडतो. रेखाताईंच्या सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, "सांभार घालू का जी?" मला वाटलं, डाळीवर आणखी सांबार कशाला? नको म्हटलं. त्यांनी हिरवीगार कोथिंबीर उचलून परत नेली. इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, हे मला ती आत गेल्यावर कळलं.

सपरीतली चौकशी

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग भरला. रेखाताईंच्या घराच्या पुढच्या पडवीत, जिला तिकडे सपरी म्हणतात, अकराही जणी टॅब मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चार महिने नुसते चेहरे पाहिले होते. आता प्रत्येकीला पाय, चपला आणि आवाज मिळाला. सगळ्यांत पुढे कमलाबाई मेश्राम. पन्नाशीच्या, उंच, कपाळावर कायम एक आठी, जणू आपण काय विकतोय याचा त्यांना आधीच संशय आलाय. त्यांचे यजमान कोपऱ्यात खाटेवर बसून पेपर वाचत होते. ते रोज बायकोला सोडायला येतात आणि वर्ग संपेपर्यंत तिथेच बसतात.

मी ठरवलं होतं, आधी थोडं शिकवायचं आणि मग पकडायचं. बोलून लिहिण्याची सोय दाखवू म्हटलं. आपण बोलायचं, टॅब लिहितो. "उच्चार स्पष्ट हवा," मी तोऱ्यात सांगितलं आणि इंग्रजीत म्हणाले, 'आमचं धान कापणीला आलं आहे.' धान म्हणजे पॅडी. टॅबनं लिहिलं, 'अवर डॅडी इज रेडी फॉर कटिंग.'

रेखाताईंनी मोठ्यानं वाचलं आणि अर्थही सांगितला. अकरा माना एकदम खाटेकडे वळल्या. मेश्रामजींनी पेपराची घडी घातली, चपला पायात सरकवल्या आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

हसू ओसरल्यावर मी गंभीर चेहरा केला. "आता खरं सांगा. निबंध कोणी लिहिले?"

कमलाबाईच म्हणाल्या, "आमीच लिवले जी. आमी थोडं लिवलं, बाकी त्यानं लिवलं." 'त्यानं' म्हणताना टॅबकडे बोट. "खाली हिरवं बटन येते. ते दाबलं का चांगलं होते. आमाले वाटलं, देल्लं हाय तर दाबाव."

"सगळंच दाबलंत?"

"हौ."

"पण ते तुमचं लिखाण नाही ना! तुम्ही मला फसवलंत."

कमलाबाईंनी शांतपणे टॅब माझ्यापुढे धरला. "आन् हे? हे तुमी लिवलं का जी?"

पडद्यावर त्यांच्या निबंधाखालचा माझा शेरा होता. 'तुमचे विचार फार सुंदर रीतीनं वाहतात, असंच लिहीत राहा', अशा अर्थाचा, फर्ड्या इंग्रजीत. शेजारणीनं आपला टॅब पुढे केला. तोच शेरा. मग तिसरीनं. अकरा टॅब, अकरा वाहते विचार.

आता खरं सांगते. शिक्षकांच्या बाजूलाही एक हिरवं बटण असतं. तयार शेरे येतात, दाबलं की जातात. त्या संध्याकाळी घरी पाहुणे होते. मी दाबलं होतं.

"म्हणजे मशीननं लिवलं आन् मशीननंच तपासलं," कमलाबाई म्हणाल्या. "आपन सारे काहून बसलो मंग इथं?"

चौतीस वर्षांत माझा असा पंचनामा कोणी केला नव्हता. मी माफी मागितली, त्यांनीही मागितली. गावाचं नाव मात्र बाहेर सांगायचं नाही असं ठरलं. तोच तो शब्द.

त्याच दुपारी

बाकीच्या गेल्या. कमलाबाई मात्र टॅब पोटाशी धरून बसून राहिल्या. "मॅडम, एक पाहून द्या. घरचं हाय."

त्यांची गोष्ट अशी. मुलगा नितेश कोइमतूरला कारखान्यात. त्यानं तिथल्याच सेल्वीशी लग्न केलं. ती तमिळ आणि इंग्रजी बोलते, हिंदी तोडकंमोडकं. कमलाबाईंना मराठी आणि हिंदी. मधला दुभाषी नितेश. पण त्याच्यामार्फत सुनेशी बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या हातानं डोकं खाजवणं, असं कमलाबाईंचं म्हणणं. म्हणून त्या या वर्गात आल्या होत्या. पोट भरायला नाही, परीक्षेला नाही, फक्त सुनेशी परस्पर बोलायला. हे मला चार महिन्यांत कळलं नव्हतं. मी त्यांना 'माझं गाव' लिहायला लावत होते.

"दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई राह्यते," त्या म्हणाल्या. आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार. इथे मंडई म्हणजे गावची जत्रा. लेकी-सुना, जावई, पाहुणे, सगळे घरी. "सेल्वी येनार होती. तिकीट काढलं होतं. मंग एकदम नितेशचा फोन, आई, जमत नाही. तवापासून पोरगी माह्याशी बोलत नाही. मी लिवतो, ते निळ्या खुना होतात, जवाब नाही. मी काय केलं, सांगा?"

आमच्या सांगलीकडच्या खेड्यांतल्या बायकांसारख्याच त्याही 'मी लिवतो, मी करतो' म्हणतात. तेवढ्यानंच मला त्या घरच्या वाटायला लागल्या होत्या. मी संदेश मागे मागे सरकवत गेले. दिवाळीच्या तिसऱ्या दिवशीचा एक सापडला. कमलाबाईंकडून सुनेला, इंग्रजीत, निर्दोष. 'डू नॉट कम ऑन मंडे.'

"हे काय लिहिलंय तुम्ही?"

"दोन दिस तिचा फोन नाही, म्हनून मी इचारलं, मंडईले नाही येत का?"

मी डोक्याला हात लावला. त्यांनी टाइप केलं होतं, 'यू नॉट कम मंडई'. बोलताना नुसता हेल काढला की तो प्रश्न होतो. कागदावर हेल उतरत नाही. टॅबला मंडई माहीत नव्हती, त्याला मंडे माहीत होता. त्यानं मंडईचा मंडे केला, आणि उरलेल्या तुकड्यांचं व्याकरणशुद्ध वाक्य: सोमवारी येऊ नको. कमलाबाईंनी हिरवं बटण दाबलं.

"सेल्वीचं तिकीट कधीचं होतं?"

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग मोजता मोजता थांबल्या. "सोमवारी पोचनार होती," त्या म्हणाल्या.

आतापर्यंत मी हसण्याच्या बेतात होते. त्यांचा चेहरा पाहून हसू आतच राहिलं. त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती आणि तिच्याविना त्या एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या. "पोरीनं एकटीनं वाचलं असन ते," त्या म्हणाल्या. "परक्या घरची पोरगी. तिले काय वाटलं असन."

"नितेशला फोन करून सांगा ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही जी. चूक मी तिले लिवून केली. तिलेच लिवून निस्तरतो."

काहून?

तिसऱ्या दिवशी वर्गाला एकच काम होतं, कमलाबाईंचं पत्र. त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं. "लपवून काय करता, अर्ध्या गावाले माईत हाय का सून नाही आली," म्हणाल्या.

आधी शब्दकोश दुरुस्त केला. टॅबमध्ये आपले शब्द घालायची सोय असते, चार महिन्यांत मी ती दाखवलीच नव्हती. 'मंडई' घातला. मग त्यांनी खाली सही केली तर आडनावाखाली लाल रेघ आली आणि सूचना आली: 'मशरूम म्हणायचं आहे का?' मेश्रामजी अंगणातून पहिल्यांदाच बोलले, "काल कापायले निंगाले होते, आज कुत्र्याची छत्री केली." आडनावही शब्दकोशात गेलं. मग अकराही जणींनी रांगेनं आपापली आडनावं घालून घेतली. पडद्यावरच्या लाल रेघा गेल्या तेव्हा एकीनं टॅबला चक्क टाळी दिली.

पत्र कमलाबाईंनी मराठीत बोलून काढलं, मग एकेक वाक्य स्वतः इंग्रजीत लिहिलं. टॅबनं दर ओळीला सूचना द्यायला सुरुवात केली. तेव्हा कमलाबाईंनीच नियम केला. दर सूचनेला विचारायचं, "काहून?" म्हणजे का. कारण सांगता आलं तरच हिरवं बटण.

हा नियम मला चौतीस वर्षांपूर्वी सुचायला हवा होता.

पहिली सूचना, 'यू नॉट कम'च्या जागी 'व्हाय डिड यू नॉट कम' करा. काहून? रेखाताई म्हणाल्या, कारण त्या 'काहून'मुळेच हा प्रश्न होतो, आणि तो नव्हता म्हणून हुकूम झाला. बटण दाबलं. पुढची, 'आय अँग्री' ऐवजी 'आय वॉज अँग्री'. काहून? एक जण म्हणाली, "काल होती, आज नाही. वॉज नाही लिवलं तर आजबी रागात हाय असं होईन." दाबलं. काळ म्हणजे नुसता तक्ता नसतो हे मी फळ्यावर कितीदा ओरडून सांगितलं असेल. इथे एका सासूच्या गेलेल्या रागानं ते एका वाक्यात शिकवलं.

मग ती ओळ आली. लग्नानंतर सेल्वी पहिल्यांदा आली होती तेव्हा जेवताना तिनं "सांबार?" विचारलं, आणि मेश्रामजी धावत वाडीत जाऊन कोथिंबिरीची जुडी उपटून घेऊन आले. तिच्या ताटाशेजारी मातीसकट ठेवली. सगळं घर पोट धरून हसलं होतं. कमलाबाईंनी लिहिलं होतं, 'यू आस्क सांबार. फादर गिव्ह ग्रीन लीफ. यू लाफ. आय लाफ. नाऊ हाउस नो लाफ.'

टॅब अस्वस्थ झाला. त्यानं सुचवलं की आपल्या अनुपस्थितीमुळे घरातल्या आनंदी वातावरणात लक्षणीय घट झाली आहे, असं लिहा.

"काहून?" कमलाबाईंनी विचारलं.

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. व्याकरण म्हणत होतं, टॅब बरोबर आहे. पाच वाक्यांत पाच चुका होत्या. माझा हात लाल पेनाकडे जायला शिवशिवत होता. एक मन म्हणालं, निदान 'आस्क'चं 'आस्क्ड' तरी कर. मी तोंड उघडलं आणि बंद केलं.

"मला कारण सांगता येत नाही," मी म्हणाले. "तसंच ठेवा."

मग टॅबला पत्र मोठ्यानं वाचायला लावलं. ही सोय मला सगळ्यांत आवडते. डोळ्यांना न दिसलेली चूक कानाला टोचते. दोन ठिकाणी कमलाबाईंनी "थांब, थांब" म्हणून स्वतःच बदल केला. 'नो लाफ' पाशी तो यंत्राचा सपाट आवाज आला. अंगणात मेश्रामजी नाक शिंकरत होते.

दुपारी पत्र गेलं. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही.

वारासिवनी

चौथ्या दिवशीही उत्तर नव्हतं. रेखाताईंना वारासिवनीत काम होतं, त्यांनी मला आणि कमलाबाईंना बरोबर ओढलं. गजबजलेलं बाजारगाव. भातगिरण्यांचा गरम कोंड्याचा वास, धान भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग, मधूनच वाट काढणाऱ्या कटंगीच्या बस. मी दुकानांच्या इंग्रजी पाट्यांचे फोटो काढत होते, वर्गात दुरुस्तीला देऊ म्हणून. कमलाबाईंचं लक्ष नव्हतं. दर दहा पावलांनी पदराखालून फोन काढायच्या आणि परत ठेवायच्या.

हॉटेलात गरम आलूबोंडे आले. त्यांनी अर्धा मोडून ठेवून दिला. "मॅडम, तुमी 'आस्क्ड' करा म्हनत होत्या का मनात?"

मी चपापले. "तुम्हाला कसं कळलं?"

"तोंड उघडलं होतं तुमी." त्यांनी पुन्हा फोन काढून पाहिला. "कराले पाह्यजे होतं का? पोरगी शिकेल हाय. अडानी सासू म्हनत असन."

चार महिने त्यांना मीच तर पटवलं होतं की चूक म्हणजे लाज. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू? "तिला कोथिंबीर आठवली की व्याकरण, हे दोन दिवसांत कळेल," मी म्हणाले, पण माझाच आवाज मला खात्रीचा वाटला नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीतून शेतं मागे जात होती, आणि मला राहून राहून वाटत होतं की टॅबचं ते गुळगुळीत वाक्य पाठवलं असतं तर निदान उत्तर तरी शिष्टाचार म्हणून आलं असतं.

निरोपाचा वर्ग

शेवटच्या दिवशी मला दुपारची बस होती. सकाळी वर्गात मी प्रत्येकीच्या जुन्या निबंधाखाली स्वतःच्या हातानं, स्वतःच्या डोक्यानं शेरा लिहीत होते. अकरा वेगवेगळे शेरे लिहायला काय त्रास होतो, हे विसरलेच होते. पाचव्यापर्यंत आले तेव्हा कमलाबाईंचा फोन वाजला.

व्हिडिओ कॉल. पडद्यावर 'सेल्वी'.

कमलाबाईंनी फोन दोन्ही हातांत धरला, घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी पुढे सरसावले. कुठे अडल्या तर शब्द पुरवायला, काळ सांभाळायला. हा माझ्या कारकिर्दीचा कळस होता.

"मॅडम," कमलाबाई म्हणाल्या, "तुमी बाहेर बसा जी. साऱ्याच बाहेर बसा."

"पण काही अडलं तर..."

"अडलं तर अडलं."

त्या रेखाताईंच्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आम्ही बाराजणी अंगणात धानाच्या पेंढ्यांवर बसलो, कान दाराकडे. मेश्रामजींनी तर दाराजवळची खाट झाडायचं निमित्त काढलं. आतून तुकडे तुकडे येत होते. कमलाबाईंचा आवाज, मग एक कोवळा भरभर आवाज, मग दोघी एकदम, मग नाक ओढल्याचा आवाज. एकदा कमलाबाई स्पष्ट म्हणाल्या, "आय नो नो मंडे. मंडई! मंडई!" माझी जीभ दातांखाली होती. मग दोन्हीकडून असं हसू फुटलं की मेश्रामजींच्या हातातली गोधडीच खाली पडली.

माझी बस हुकेल म्हणून रेखाताई घड्याळ दाखवत होत्या. मी त्यांना गप्प बसवलं.

शेवटी दार उघडलं. डोळे लाल, पदर विस्कटलेला, कपाळावरची आठी परत जागेवर. "येते म्हनते," कमलाबाईंनी सांगितलं. "पोंगल झाला का येते. नितेशले सुट्टी नाही भेटली तर एकटीच येते."

बायकांनी त्यांना घेरलं. काय बोलली? तू काय म्हटलं? एवढा वेळ काय चाललं होतं? मीही त्या गर्दीत होते, चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेली, आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच विचारत होते.

कमलाबाईंनी फोन कमरेला खोचला.

"ते आमचं इंग्लिश हाय जी," त्या म्हणाल्या. "तुमाले नाही समजनार."